दोघांसाठी वेगळं ‘आम्ही’

फिनलंडच्या उत्तर टोकाला, इनारी सरोवराच्या काठी इनारी सामी ही भाषा बोलली जाते. तिच्यात ‘आम्ही’ म्हणायचं तर आधी माणसं मोजावी लागतात. दोघंच असलो तर ‘मुओइ’, जास्त असलो तर वेगळा शब्द. संस्कृतातलं द्विवचन आपण शाळेत घोकलं. मराठीत ते उरलेलं नाही. इथे ते रोजच्या तोंडी आहे. पण ही भाषा बोलणारी माणसं जेमतेम तीनशे-चारशे.

सामी म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाचे मूळ रहिवासी. त्यांचं नाव घेतलं की रेनडिअरांचे कळप डोळ्यांपुढे येतात. इनारीचे सामी मात्र मुळात मासेमारी करणारे, आणि पहिल्यापासून थोडेच. 1920 मध्ये स्पॅनिश फ्लूने त्यांतले बरेच नेले. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलं वसतिगृहाच्या शाळांत गेली, तिथे सगळा कारभार फिनिशमध्ये. हीच मुलं मोठी झाल्यावर स्वतःच्या लेकरांशी फिनिश बोलू लागली. त्यांना दोष कसा द्यायचा? लेकराचं भलं व्हावं म्हणून आईबाप आपली भाषा गिळतात, आणि एका पिढीत घर मुकं होतं.

1986 मध्ये भाषेसाठी संघटना उभी राहिली. 1997 मध्ये तिने न्यूझीलंडच्या माओरींची युक्ती उचलली: ‘भाषेचं घरटं’. ही साधी बालवाडीच, पण पहिल्या दिवसापासून बाई फक्त इनारी सामी बोलणार. बूट चढवताना, हातमोजे शोधताना, ताटातला मासा खाताना तेच शब्द कानावर पडत राहतात. मूल आधी फिनिशमध्ये उत्तर देतं. तरी बाई आपली भाषा सोडत नाहीत, आणि हळूहळू मूलही तीच बोलू लागतं.

मुलं तयार झाली, पण त्यांना शिकवणार कोण? आजी-आजोबा थकलेले, आणि मधल्या पिढीला भाषाच येत नव्हती. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो यावरचा उपाय. 2009-10 मध्ये सतरा प्रौढांनी वर्षभर पूर्णवेळ ही भाषा शिकून घेतली. वर्गातल्या व्याकरणाबरोबर म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्यासोबत काम करायचं, कामाबद्दल बोलायचं, चुकलं की तिथल्या तिथे सुधारून घ्यायचं. एक शिकवणारा, एक शिकणारा; ‘मुओइ’ तोंडात बसायला याहून चांगली जागा कुठली?

त्या सतरांतले अनेकजण पुढे शाळेत, बालवाडीत, भाषेच्याच कामात शिरले. ज्यांच्या आईबापांनी घरात ही भाषा बोलणं थांबवलं होतं, त्यांतलेच काही आता मुलांना तिच्यात गणित शिकवतात.