कुमाऊंची कविता: मेळा, छापखाना आणि चळवळ

हिमालयातल्या कवीचा विषय निघाला की मराठी वाचकाला बहुधा सुमित्रानंदन पंत आठवतात. १९०० साली कौसानीत जन्मलेला, समोरची हिमशिखरे न्याहाळत एकांतात कविता लिहिणारा आणि १९६८ साली ‘चिदंबरा’साठी ज्ञानपीठ मिळवणारा कवी, अशी त्यांची प्रतिमा पाठ्यपुस्तकांनी घट्ट केली आहे. ही प्रतिमा खोटी नसली तरी तिच्यामुळे अल्मोडा, नैनिताल, बागेश्वर, पिथोरागड आणि चंपावत या कुमाऊंच्या, म्हणजे आजच्या उत्तराखंडाच्या पूर्व भागातल्या, डोंगरी मुलखात कवी-लेखक एकमेकांशी आणि गावाशी कसे बांधलेले होते, हे झाकले जाते. कुमाऊंमधली कविता मोठ्या प्रमाणात घोळक्यात जन्मली आणि घोळक्यानेच ती टिकवली. हा घोळका आधी शेतात आणि मेळ्यात जमत होता, नंतर छापखान्याभोवती आणि शेवटी मोर्चात जमू लागला.

छापील अक्षर डोंगरात पोहोचण्यापूर्वीची व्यवस्था आधी पाहिली पाहिजे. भातलावणीच्या वेळी ‘हुडकिया बौल’ गायली जाते. हुडका हे डमरूच्या घाटाचे, एका हाताने वाजवायचे छोटे वाद्य. ते वाजवणारा गायक चिखलात, लावणी करणाऱ्या बायकांच्या रांगेसमोर उभा राहतो. आधी भूमीच्या देवतांना आवाहन करतो आणि मग राजुला-मालूशाहीसारख्या प्रेमकथेतले किंवा एखाद्या वीराच्या पोवाड्यातले चरण एकेक करून म्हणतो. बायका तोच चरण उचलून धरतात आणि त्या लयीत रोपे मातीत रोवत जातात. गाण्याची गती हीच कामाची गती असल्यामुळे गायकाला श्रोत्यांपासून वेगळे उभे राहताच येत नाही. मेळ्यांतून ‘बैर’ रंगतात. त्यात दोन गायक रात्रभर एकमेकांना पद्यातून कोडी घालतात, टोमणे मारतात आणि उत्तरे देतात, आणि कोण हरला हे भोवतीची मंडळी ठरवतात. झोडा आणि चांचरी ही फेर धरून म्हणायची गाणी असून त्यांत ताज्या घटनेवरची ओळ कोणीही जोडू शकतो.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. हुडक्यावर गाणारे हे कलावंत बहुतांशी दलित शिल्पकार समाजातले होते आणि लिहून ठेवणारे कवी बहुतांशी ब्राह्मण. त्यामुळे ज्यांच्या मुखी हजारो ओळी होत्या त्यांची नावे फारशी उरली नाहीत. गोपीदास यांनी गायलेली मालूशाहीची गाथा कोनराड माइसनर या जर्मन अभ्यासकाने ध्वनिमुद्रित करून १९८५ साली प्रसिद्ध केली, म्हणून त्यांचे नाव तरी ग्रंथात आले. कुमाऊंच्या साहित्यिक समाजाचा कोणताही इतिहास या असमानतेला वळसा घालून लिहिला तर तो अर्धाच राहील.

लिखित परंपरेत पहिले ठळक नाव लोकरत्न पंत उर्फ गुमानी यांचे आहे. त्यांचा जन्म १७९० चा, म्हणजे नेपाळच्या गुरख्यांनी अल्मोडा घेतला त्याच वर्षीचा. मृत्यू १८४६ चा. त्यांनी संस्कृत, हिंदी, कुमाऊंनी आणि नेपाळी या चारही भाषांत रचना केली आणि काही श्लोकांत तर चार चरण चार भाषांत बांधले. विद्वत्तेचा हा खेळ बाजूला ठेवला तरी त्यांची एक कुमाऊंनी रचना आजही अंगावर येते. रोज रोज सरकारी खजिन्याचे ओझे वाहून एकाच्याही टाळूवर केस उरले नाहीत, तरीही लोक आपला मुलूख सोडून गेले नाहीत, असा तिचा आशय आहे. गुरखा राजवट १८१५ साली संपली, पण डोक्यावरचे ओझे इंग्रजांच्या काळातही उतरले नाही. डोंगरात गाडीरस्ते नव्हते, म्हणून दौऱ्यावरच्या साहेबाचे सामान वाहण्याची सक्ती गावकऱ्यांवर होती. तिचे ‘कुली उतार’, ‘कुली बेगार’ आणि फुकट शिधा-सामग्री पुरवण्याची ‘बर्दायश’ असे प्रकार होते आणि कोणाची पाळी कधी, याच्या नोंदवह्या गावच्या प्रधानाकडे असत.

या वेठबिगारीविरुद्ध बोलण्याची जागा हळूहळू अल्मोड्यात तयार झाली. १८७० साली तिथे डिबेटिंग क्लब निघाला आणि १८७१ साली ‘अल्मोडा अखबार’ हे पत्र सुरू झाले. सरकारच्या रोषामुळे ते १९१८ साली बंद पडले, तेव्हा त्याच वर्षी विजयादशमीला बद्रीदत्त पांडे यांच्या संपादकत्वाखाली ‘शक्ती’ साप्ताहिक उभे राहिले. डोंगरातल्या एवढ्याशा गावात छापखाना असण्याचा परिणाम फक्त राजकारणावर झाला नाही. त्याच सुमारास तिथे शाळकरी वयाच्या मुलांचा एक लिहिता गट जमला होता. त्यात सुमित्रानंदन पंत होते, पुढे कादंबरीकार झालेले इलाचंद्र जोशी होते आणि नाटककार गोविंदवल्लभ पंत होते (याच नावाचे राजकीय नेते वेगळे). स्वामी सत्यदेव परिव्राजक यांच्या पुढाकाराने निघालेल्या शुद्ध साहित्य समितीमुळे या मुलांना हिंदी पुस्तके मिळू लागली. ती वाचणे, हस्तलिखित पत्रिका काढणे आणि ती हातोहात फिरवणे हा त्यांचा उद्योग होता. निसर्गात एकटा रमणारा म्हणून ओळखला गेलेला कवी असा समवयस्कांच्या चढाओढीत घडला, हे त्याच्या चरित्रात दुय्यम मानले जाते. ते तसे मानू नये असे मला ठामपणे वाटते.

१४ जानेवारी १९२१ रोजी बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात जे घडले, त्यात कविता आणि सार्वजनिक जीवन एकत्र आले. मकरसंक्रांतीला सरयू आणि गोमतीच्या संगमावर भरणारा हा मेळा मुळात स्नानाचा, व्यापाराचा आणि रात्रभर चालणाऱ्या गाण्यांचा. त्या वर्षी बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आवाहनावरून गावोगावच्या प्रधानांनी बेगारीच्या वह्या सरयूत बुडवल्या आणि यापुढे ओझे वाहणार नाही अशी शपथ जमावाने घेतली. गौरीदत्त पांडे उर्फ गौर्दा (१८७२–१९३९) हे या काळाचे कवी. त्यांनी कुली प्रथेवर लिहिले आणि जंगले सरकारजमा होत असताना ‘वृक्षन को विलाप’ ही झाडांच्या तोंडची कविताही लिहिली. बोली ही फक्त विनोदाची आणि गाण्याची भाषा आहे, हा सुशिक्षितांचा समज गौर्दांनी मोडून काढला. १९३८ साली जीवनचंद्र जोशी यांनी ‘अचल’ हे कुमाऊंनी मासिक सुरू केले. ते दोनेक वर्षेच चालले.

बाहेरून येऊन राहिलेल्या साहित्यिकांचा उल्लेख थोडक्यात पुरेल. रवींद्रनाथ १९०३ साली क्षयाने आजारी असलेल्या रेणुका या मुलीला घेऊन अल्मोड्यास राहिले आणि ‘शिशु’मधल्या कविता तिथे लिहिल्या. महादेवी वर्मांनी १९३६ च्या सुमारास रामगडजवळच्या उमागडात घर बांधून त्याला ‘मीरा कुटीर’ नाव दिले. आज तिथे महादेवी वर्मा सृजन पीठ आहे.

उलट दिशेचा प्रवास याहून मोठा होता. शेती पोटाला पुरत नसल्यामुळे डोंगरातला तरुण फौजेत किंवा शहरात जात असे आणि लेखकही त्याला अपवाद नव्हते. शेखर जोशी अलाहाबादला कारखान्यात नोकरी करत कथा लिहीत राहिले. शैलेश मटियानी मुंबईत हॉटेलात राबले आणि त्या अनुभवातून त्यांची ‘बोरीवली से बोरीबंदर तक’ ही कादंबरी आली. शेरसिंह बिष्ट यांना शाळा मिळालीच नाही, म्हणून त्यांनी ‘अनपढ’ हेच टोपणनाव घेतले. फौजेत असताना १९६२ च्या युद्धाच्या काळात ते पुण्यात होते. तिथे जखमी जवानांच्या सोबतीत त्यांनी पहिले पुस्तक हिंदीत लिहिले आणि पुण्याच्या वेश्यावस्तीत फसवून आणलेल्या पहाडी मुलींची अवस्था पाहून ते कुमाऊंनीत लिहू लागले. कुमाऊंच्या या अत्यंत लाडक्या कवीची बोलीतली कविता आपल्या पुण्यात सुरू झाली, हे मराठी वाचकांनी माहीत करून घ्यावे असे आहे.

परतलेल्यांना एकत्र आणण्याचे काम, थोडे अनपेक्षितपणे, एका सरकारी कचेरीने केले. १९५५ साली अल्मोड्यात मोहन उप्रेती आणि त्यांच्या साथीदारांनी लोक कलाकार संघ काढला होता. चीन युद्धानंतर सीमाभागातल्या प्रचारासाठी केंद्र सरकारच्या गीत व नाटक प्रभागाची शाखा नैनितालला आली आणि तिची धुरा कवी-नाटककार ब्रजेंद्रलाल साह यांच्याकडे गेली. त्यांनी शेरसिंह बिष्ट उर्फ शेरदांना घेतले आणि गिरीश तिवारी उर्फ गिर्दा (१९४५–२०१०) यांनाही घेतले. कुमाऊंनीत थोरल्या भावाला ‘दाज्यू’ किंवा नुसते ‘दा’ म्हणतात. ही मंडळी एकमेकांना आणि सारा मुलूख त्यांना याच नात्याने हाक मारत असे. गौर्दा, शेरदा, गिर्दा ही नावे घरच्या माणसांची म्हणून रूढ झाली. नोकरी सरकारी योजनांचा प्रचार करण्याची होती, पण दौऱ्याच्या निमित्ताने दूरच्या गावांतले ताल, चाली आणि जुने गायक यांची ओळख होत गेली. हेच पुढच्या चळवळींचे भांडवल ठरले.

१९७७ साली नैनितालमध्ये जंगलांच्या लिलावाला विरोध पेटला. गिर्दांनी त्या वेळी गौर्दांची झाडांच्या विलापाची कविता हाती घेतली, तिच्यात नव्या ओळी घातल्या, तिला जागे करणाऱ्या हाकेचे रूप दिले आणि हुडका वाजवत रस्त्यावर गायली. २८ नोव्हेंबर १९७७ रोजी नैनिताल क्लबला आग लागली आणि शहर ढवळून निघाले. एका कवीने लिहिलेली रचना दुसऱ्याने नव्या संकटासाठी बदलून घ्यावी आणि कोणी ती आपल्या मालकीची मानू नये, ही रीत सरळ झोड्याच्या फेरातून आलेली आहे. ‘युगमंच’ ही नाट्यसंस्था आणि १५ ऑगस्ट १९७७ रोजी सुरू झालेले ‘नैनिताल समाचार’ हे पाक्षिक यांच्याभोवती पत्रकार, प्राध्यापक, नट आणि कवी यांचे कायमचे बैठे मंडळ जमले. पौष महिन्यापासून घराघरांतून रागदारीत गायली जाणारी बैठकी होळीही त्यांनी आपलीशी केली आणि तिच्यात त्या त्या वर्षाचे राजकारण आणले. १९८४ च्या ‘नशा नहीं, रोजगार दो’ आंदोलनात हीच मंडळी गावोगाव गात फिरली.

१९९४ च्या सप्टेंबरात खटीमा आणि मसुरीत वेगळ्या उत्तराखंड राज्याची मागणी करणाऱ्या आंदोलकांवर गोळीबार झाला. त्यानंतर खरी बातमी लोकांपर्यंत पोहोचेना, तेव्हा ‘नैनिताल समाचार’ने रोज संध्याकाळी चौकात तोंडी बुलेटिन सुरू केले. दिवसभराच्या घडामोडी वाचल्या जात आणि गिर्दा त्या दिवसासाठी रचलेला ताजा छंद, म्हणजे पद्य, म्हणत. ऐकायला गर्दी होई आणि ऐकणारे तो छंद घरी नेत. छपाई अडली तेव्हा बैराची जुनी पद्धत पुन्हा कामाला आली. वेगळे राज्य ९ नोव्हेंबर २००० रोजी झाले, पण ज्या राज्यासाठी गायलो ते हे नव्हे, ही खंत त्यानंतरच्या गाण्यांत वारंवार येते.

या मंडळाची आणखी एक सवय चालण्याची आहे. १९७४ साली शेखर पाठक, शमशेरसिंह बिष्ट, कुंवर प्रसून आणि प्रताप शिखर हे तरुण नेपाळ सीमेजवळच्या अस्कोटपासून हिमाचल सीमेजवळच्या आराकोटपर्यंत पायी गेले. खिशात पैसे न घेता, गावकऱ्यांच्या घरी जेवत आणि त्यांच्याशी बोलत ते चालले. तेव्हापासून दर दहा वर्षांनी, २०२४ पर्यंत, ही यात्रा पुन्हा झाली आहे. १९८३ साली सुरू झालेल्या ‘पहाड’ प्रकाशनाला या पायपिटीतून विषय आणि लेखक दोन्ही मिळत गेले.

आजची अडचण घोळका पातळ होण्याची आहे. २००१ ते २०११ या दशकात अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या घटली. २०११ च्या जनगणनेत सुमारे २०.८ लाख लोकांनी कुमाऊंनी ही मातृभाषा सांगितली, परंतु शहरात गेलेल्या घरांत मुलांशी हिंदीच बोलली जाते आणि कुमाऊंनी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तरीही मथुरादत्त मठपाल यांनी रामनगरहून ‘दुदबोलि’ हे कुमाऊंनी नियतकालिक चालवले, अल्मोड्याहून २००८ पासून ‘पहरू’ हे मासिक निघते आहे आणि साहित्य अकादमीने २०१४ साली मठपाल व चारुचंद्र पांडे यांना कुमाऊंनीसाठी भाषा सन्मान दिला. ‘पहरू’सारख्या मासिकामुळे दिल्लीत नोकरी करणारा पहाडी माणूस आणि अल्मोड्याच्या खेड्यातली शिक्षिका एकाच भाषेत, एकाच अंकात लिहू शकतात.