खाऱ्या पाण्याच्या छोट्या टँकला फिल्टर कोणता?

माशांच्या दुकानात फिल्टर मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘टँक किती लिटरचा?’ मग खोक्यावरचा आकडा दाखवला जातो, ताशी ५०० लिटर, ताशी ८०० लिटर, आणि विषय संपतो. गोल्डफिशसाठी एवढ्यावर भागतं. पण ५० लिटरच्या खाऱ्या टँकमध्ये क्लाउनफिशची जोडी सोडायची असेल, तर तो आकडा फारसा कामाचा नाही. पंप किती पाणी फिरवतो ते त्यावरून कळतं. पाण्यातून काय निघून जातं, ते कळत नाही.

मासा जे खातो त्यातला बराचसा नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात येतो. पाण्यात या अमोनियाची दोन रूपं असतात. विद्युतभार असलेलं रूप त्या मानाने निरुपद्रवी. भार नसलेलं मात्र कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतं. पाण्याचा सामू (पीएच) चढला की हे दुसरं रूप वाढतं. २५ अंशांना सामू ७ असेल तर त्याचं प्रमाण जेमतेम अर्धा टक्का असतं. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२च्या आसपास, तिथे तेच सात-आठ टक्क्यांवर जातं. गोड्या पाण्यात मासे ज्या अमोनियात तगतात, तेवढाच इथे त्यांच्या जिवावर उठतो. अमोनियापासून पुढे बनणाऱ्या विषारी नायट्राइटचं नेमकं उलट आहे: खाऱ्या पाण्यातलं भरपूर क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरायला फारशी जागाच देत नाही.

अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू हाच खरा फिल्टर. त्यांना चिकटायला पृष्ठभाग हवा आणि श्वासाला ऑक्सिजन. २५ अंशांना लिटरभर गोड्या पाण्यात ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. हे आकडे समुद्रसपाटीचे. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे दोन्हींतून आणखी सहा-सात टक्के वजा करायचे.

पृष्ठभागासाठी सच्छिद्र खडकासारखं दुसरं काही नाही. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक (मेलेल्या प्रवाळांचा, जिवाणूंनी भरलेला खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवण्याची आपली पद्धत १९६१ साली जगापुढे मांडली. आपल्याकडे कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, तेव्हा किनाऱ्यावरून काही उचलून आणायचं नाही. कोरडा सिरॅमिक खडक घ्यावा आणि त्यावर जिवाणू बसेपर्यंत चार-सहा आठवडे मासे न आणता थांबावं.

कॅनिस्टर फिल्टर दिसतो दणकट, पण छोट्या टँकला तो मी सुचवणार नाही. बंद डब्यात अडकलेला गाळ तिथेच कुजतो आणि नायट्रेट वाढत जातं. डबा उघडून धुवायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. त्यापेक्षा काचेवर मागे टांगायचा साधा फिल्टर बरा. त्यातला कापूस दर तीन-चार दिवसांनी बदलता येतो. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात. नळाखाली धरला की क्लोरीन आणि गोडं पाणी मिळून जिवाणूंचा निकाल लावतात.

प्रोटीन स्किमर हे यातलं सर्वांत गमतीचं यंत्र. माशांची विष्ठा, उरलेलं अन्न, शेवाळाचा स्राव यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं, तर दुसरं पाणी टाळतं. बुडबुडा भेटला की ते त्याच्या कडेला जाऊन बसतात. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. मीठ त्यांना मिसळू देत नाही. ते बारीक राहतात, एकूण पृष्ठभाग प्रचंड वाढतो, आणि वर चढणारा फेस सगळं मळकट द्रव्य वरच्या कपात नेऊन टाकतो. तो कप रिकामा करताना चहाच्या रंगाचं, नाक मुरडायला लावणारं पाणी निघतं. कुजण्याआधीच घाण बाहेर काढणारं हे उपकरण. तरीही ५० लिटरला ते अगदी हवंच असं नाही. मासे दोनच असतील आणि दर आठवड्याला पाच-सात लिटर पाणी बदलणार असाल, तर स्किमरचे पैसे पाण्याकडे वळवा.

कारण पाण्यातच जास्त गोची होते. घरातल्या आरओच्या पाण्यात मीठ कालवलं की झालं, असं वाटतं. पण पिण्यासाठीच्या अनेक आरओंमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्याजवळ दाखवत नसेल, तर ते पाणी टँकमध्ये नको. शिवाय एप्रिल-मेमधल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. ५० लिटरमधलं रोज लिटरभर उडालं आणि पाच दिवस लक्ष दिलं नाही, तर क्षारता हजारी ३५ वरून जवळजवळ ३९ होते. ही तूट नेहमी गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नव्हे.

आणि गुरुवार, म्हणजे पुण्यात देखभालीसाठी वीज जाण्याचा नेहमीचा दिवस. वीज गेली की बंद कॅनिस्टरमधले जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवून मरू लागतात, आणि वीज आल्यावर ते सडकं पाणी सरळ टँकमध्ये येतं. खडकावरचे जिवाणू टँकमध्येच असतात, त्यांना फक्त पाणी हलतं हवं. त्यासाठी बॅटरीवर चालणारा एक छोटा एअर पंप पुरतो. पहिल्याच खरेदीत तो घेऊन टाका, स्किमरचं नंतर बघू.