नदीसफर (वन्यजीवदर्शनासाठी)

नदीसफर : उष्ण कटिबंधीय वर्षावनातून वाहणाऱ्या संथ नदीत हवा भरलेल्या रबरी तराफ्यातून किंवा होडीतून, वाटाड्याच्या सोबतीने, काठावरचे प्राणी व पक्षी पाहत केलेला प्रवास. कोस्टा रिकातील सारापिकी व पेन्यास ब्लांकास, बोर्निओतील किनाबातांगान आणि ॲमेझॉनच्या उपनद्या ही या सफरीची परिचित क्षेत्रे होत. खानदेशात वर्षावन नाही. तेथील मिळत्याजुळत्या प्रथांचा विचार नोंदीच्या उत्तरार्धात केला आहे.

प्रथेच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार ती एकोणिसाव्या शतकातील निसर्गसंशोधकांच्या जलप्रवासातून आली. हेन्री वॉल्टर बेट्स आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस १८४८ मध्ये ॲमेझॉनच्या मुखप्रदेशात पोहोचले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचे संकलन मुख्यतः नदीमार्गाने चालले. मात्र पक्षी मारून त्यांची कातडी युरोपात धाडणे आणि त्यांना न छेडता पाहून पुढे सरकणे यांत सलग परंपरा मानणे अवघड आहे. दुसरे मत साधनावर भर देते : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैन्याकडचे शिल्लक रबरी तराफे बाजारात आले, त्यांवर खळाळत्या नद्यांतील साहसी सहली वाढल्या आणि बहुधा १९७० नंतरच्या काळात तेच साधन मध्य अमेरिकेतील वन्यजीव पर्यटनाने उचलले. हे मत अधिक ग्राह्य दिसते; तथापि उथळ जागा, बुडालेले ओंडके आणि फळाला आलेली झाडे ओळखण्याचे कसब तराफ्याबरोबर आलेले नसून स्थानिक नावाड्यांचे आहे, एवढी पुस्ती त्याला जोडावी लागते. नद्यांच्या खडतरपणाच्या आंतरराष्ट्रीय प्रतवारीत सहा वर्ग आहेत. ही सफर पहिल्या, क्वचित दुसऱ्या वर्गाच्या प्रवाहात होते. वल्ही वाटाड्याच्या हाती असतात आणि ती मुख्यतः दिशा राखण्यापुरती चालतात, कारण तराफा प्रवाहच वाहून नेतो.

वर्षावनात झाडांच्या शेंड्यांनी बनलेल्या तीस-चाळीस मीटर उंचीच्या छत्राखाली पायी हिंडणाऱ्यास फारसे काही दिसत नाही. नदीमुळे छत्राला खिंडार पडते, काठावर ऊन पोहोचते आणि तेथे सेक्रोपिया, उंबरवर्गीय वृक्ष व वेली दाट वाढतात. सेक्रोपियाची पाने विरळ असल्याने त्यावरचा स्लॉथ (झाडावर राहणारा, अतिशय संथ हालचालीचा सस्तन प्राणी) पाण्यातूनही नजरेस पडतो. पाण्यावर झुकलेल्या खोडावर प्रोबोसिस (लांब नाकाच्या) जातीची लहान वटवाघळे दिवसा एकाखाली एक, सरळ रांगेत चिकटून बसतात. तराफा अगदी जवळ येईपर्यंत ती सालीवरच्या गाठींसारखीच वाटतात. किनाबातांगानवर प्रोबोसिस माकडे रात्रीच्या मुक्कामासाठी काठावरच्या झाडांवर येतात, त्यामुळे तेथील फेऱ्या पहाटे व सायंकाळी होतात. भारतात केरळच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात बांबूच्या तराफ्यांवरील सफर होते, परंतु तेथील पाणी १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाचे असल्याने तिला काटेकोर अर्थाने नदीसफर म्हणता येत नाही.

खानदेश : तापीखोऱ्याच्या या भागात पर्जन्यमान साधारण ७०० मिमी. असून सातपुड्यातील वन शुष्क पानझडी आहे. तापीचा प्रवाह पावसाळ्यात गढूळ व धोकादायक, तर उन्हाळ्यात क्षीण असतो. शिवाय गाळाच्या उंच, घळींनी चिरलेल्या दरडींमुळे पात्रातून काठापलीकडचे काही दिसत नाही. म्हणून येथे निरीक्षण साठलेल्या पाण्यावर होते. चांगदेवजवळच्या तापी-पूर्णा संगमाखाली, भुसावळ तालुक्यात बांधलेल्या ४१ दरवाजांच्या हतनूर धरणाचा जलाशय महत्त्वाचे पक्षिक्षेत्र म्हणून नोंदला गेला आहे. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, मोठी लालसरी इत्यादी स्थलांतरित बदके तेथे उतरतात. उघड्या पाण्यावरचे बदकांचे थवे होडी दुरून दिसताच उठतात, त्यामुळे काठावर दुर्बीण रोवून बसणे पुष्कळदा अधिक फलदायी ठरते.

वर्षावनात नदी जी दृष्टी देते, ती पानझडी वनात पानगळ देते. १८८४ नंतर खात्रीलायक नोंद नसलेला रानपिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो पायी शोध घेणाऱ्या पक्षितज्ज्ञांना. १९६९ मध्ये घोषित झालेल्या यावल अभयारण्यासारख्या वनांत उन्हाळ्यात पाणी थोड्या ठिकाणी उरते आणि प्राणी तेथे एकवटतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून केली जाणारी प्राणिगणना याच तत्त्वावर आधारलेली आहे. तेथे निरीक्षक स्थिर असतो आणि प्राणी त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतो, म्हणजे नदीसफरीच्या नेमके उलट.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सरदार सरोवराचे पाणी नर्मदेच्या घळईत शिरले आहे. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील काठच्या गावांना होडी हे दळणवळणाचे साधन आहे. तेथील जलप्रवास बाजार, दवाखाना व नातेवाइकांकडील ये-जा यांसाठी होतो.