गाडी तापणे (मोटारसायकल)

गर्दीत मोटारसायकल पायी चालण्याच्या वेगाने सरकत राहिली की इंजिनात उष्णता साचू लागते. याला ‘गाडी तापणे’ म्हणतात. जळालेल्या पेट्रोलच्या ऊर्जेतला जेमतेम एक तृतीयांश भाग कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि सिलिंडरच्या अंगातून बाहेर पडते. गावोगावी दिसणाऱ्या १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्या हवेवरच थंड होतात. स्कूटरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, मोटारसायकलला नसतो. सिलिंडरभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना वारा मिळतो तो गाडी धावली तरच.

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. बाजाराच्या वेळी तिथे गाडी दहा पावले जाते आणि थांबते. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर असतो, त्यात डांबराची धग खालून लागते. अशा वेळी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून ठेवून, गाडी रेटणे सर्वांत वाईट. मोटारसायकलचा क्लच बहुधा इंजिनच्याच ऑइलात बुडालेला असतो, त्यामुळे त्याच्या प्लेटा घासून निघालेली उष्णता थेट ऑइलात उतरते. पुढच्या गाडीपासून थोडे अंतर सुटू द्यावे, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून जावे. जास्त वेळ थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. उभ्या गाडीला रेस देण्याची सवय तर मोडलीच पाहिजे.

इथल्या काळ्या मातीचा त्रास वेगळाच. पावसाळ्यात शेताच्या वाटेवरून आलेल्या गाडीच्या पात्यांमध्ये चिखल भरतो आणि वाळून विटेसारखा घट्ट होतो. पात्या असूनही वाऱ्याला वाट उरत नाही. दिवाळीनंतर बोंडे वेचायला त्याच गाडीवरून जाणारे बरेच जण हा थर उन्हाळ्यापर्यंत तसाच ठेवतात. इंजिन गार असताना पाणी मारून, काडीने पात्या मोकळ्या कराव्यात. काम फुकटातले आहे आणि गुण हमखास येतो.

ऑइल हे दुसरे शीतक. डब्यावरच्या ‘१०डब्ल्यू-३०’मधला ३० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते ते सांगतो. पातळी कमी असली किंवा ऑइल जुने झाले की ते ही उष्णता पेलत नाही. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असे मिश्रण झाले तरी इंजिन तापते; तेव्हा प्लगचे टोक पांढरे पडलेले दिसते.

पिकअप पडणे, चढावर टकटक आवाज येणे, क्लच घसरणे ही लक्षणे दिसली की गाडी सावलीत उभी करावी. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. रेडिएटरवाल्या, म्हणजे कूलंट या द्रवाने थंड होणाऱ्या, गाडीच्या रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडले तर उकळते कूलंट अंगावर उडते. चालत्या गाडीचे इंजिन आवळल्यासारखे वाटले तर क्लच ताबडतोब दाबावा. पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला, तर मागचे चाक जागीच जाम होते.