आर्क पकडणारा ब्रेकर विमानात बसवायचाय? फाइल कुठे अडते ते आधी वाचा

"ब्रेकरवर टीएसओचा शिक्का आहे ना, मग आणखी कसली मंजुरी?" आर्क फॉल्ट ब्रेकरसाठी (वायरमधली ठिणगी, म्हणजे आर्क, ओळखून वीज तोडणारा ब्रेकर) अमेरिकेच्या विमान नियामक एफएएकडे जाणारे बरेच जण इथेच अडतात. टीएसओ म्हणजे विमानाच्या सुट्या भागासाठी एफएएचं किमान मानक आणि त्यावर मिळणारी मंजुरी. टीएसओ-सी१७८ एवढंच सांगतं की ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झच्या सिंगल फेजवर चालणारा हा ब्रेकर किमान कसोट्यांना उतरला. तो तुमच्या विमानात, तुमच्या सर्किटवर बसवायची परवानगी त्यात नाही. तसं टीएसओच्या कागदांत स्पष्ट लिहिलेलंही असतं, पण त्या पानापर्यंत कोणी जात नाही.

म्हणजे अर्ज दोन, आणि बहुधा अर्जदारही दोन. टीएसओ मागायचं ते ब्रेकर प्रत्यक्ष बनवणाऱ्याने, कारण त्यात डिझाइन आणि उत्पादन या दोन्हींची मंजुरी येते. दुसऱ्याकडून माल घेऊन स्वतःचं लेबल लावणाऱ्याला ते मिळत नाही. विमानाच्या वायरिंगमध्ये मोठा बदल करायचा तर एसटीसी, म्हणजे विमानाच्या मूळ डिझाइनमधल्या बदलाची मंजुरी, लागतं. त्यासाठी कोणीही अर्ज करू शकतो, फॉर्म ८११०-१२ वर. फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो. खरं काम जोडपत्रांत आहे.

अधिकारी एवढं खोदून का विचारतात, हे कळलं तर निम्मी चिडचिड कमी होईल. साधा ब्रेकर उष्णतेवर चालतो: करंट जास्त वेळ वाढलेला राहिला की आतली धातूची पट्टी वाकते आणि तो ट्रिप होतो. पण क्लँपला घासून सोललेली वायर ठिणगी टाकते ती काही मिलिसेकंद, मग थांबते, मग पुन्हा टाकते. ४०० हर्ट्झला अर्धी सायकल अवघ्या १.२५ मिलिसेकंदांची. पट्टी तापायच्या आत ठिणगीच्या जागी तापमान हजारो अंशांवर गेलेलं असतं. काही इन्सुलेशन जळून त्याचा कोळसा होतो, आणि कोळशातून वीज वाहते. अशा वेळी ब्रेकर दाबून पुन्हा चालू करणं म्हणजे त्याच जागी पुन्हा आर्क पेटवणं. आर्क फॉल्ट ब्रेकर करंट किती आहे एवढंच पाहत नाही, त्याच्या लहरीचा आकारही पाहतो. अडचण अशी, की ब्रश असलेल्या मोटरचा किंवा स्ट्रोब लाइटचा करंटही तसाच वेडावाकडा दिसतो.

म्हणून पहिला प्रश्न ठरलेला: विनाकारण ट्रिप होणार नाही, हे कशावरून? आर्क पकडल्याचे चाचणी अहवाल सगळे जोडतात, गिलोटिनने वायर कापल्याचे, खाऱ्या पाण्याचे थेंब टाकल्याचे. पण त्या सर्किटवरचे खरे लोड, म्हणजे वीज घेणारी उपकरणं, जोडून ते चालू-बंद करताना घेतलेल्या नोंदी फाइलीत नसतात. ब्रेकर अत्यावश्यक लोडवर असेल तर सेफ्टी असेसमेंटमध्ये (कोणत्या बिघाडाने किती धोका, याच्या अभ्यासात) त्याचं खोटं ट्रिप होणं हाही बिघाड धरावा लागतो. ब्रेकरच्या आतल्या सॉफ्टवेअरची काटेकोरपणाची पातळीही त्यावरूनच ठरते. आधी पातळी लिहून मग असेसमेंट जुळवलं तर ते वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

दुसरा कागद कोणाकडेच नसतो: आज विमानात जे आहे ते दाखवणारं वायरिंग ड्रॉइंग आणि त्यावर बेतलेलं, कुठे किती वीज लागते हे मांडणारं इलेक्ट्रिकल लोड अ‍ॅनालिसिस. जुन्या विमानांत वर्षानुवर्षं काही ना काही जोडलं गेलेलं असतं. एका फाइलीत ड्रॉइंगवर ब्रेकरच्या टर्मिनलला एक वायर होती. पॅनल उघडलं तर दोन, आणि दुसरी कुठे जाते हे शोधायला दोन दिवस गेले. कृपा करून अर्जाआधी पॅनल उघडा आणि फोटो काढा.

हा हट्ट उगाच नाही. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअर १११ कॅनडाजवळ समुद्रात कोसळलं, २२९ जण गेले. तपासात आगीचा उगम सर्वाधिक शक्यतेने मनोरंजन यंत्रणेच्या वायरमधल्या आर्कशी जोडला गेला. ती यंत्रणा एसटीसीवरच बसवलेली होती. तिची वीज एसी बस २ वरून (बस म्हणजे विमानातली वीज वाटणारी मुख्य लाइन) घेतली होती, त्यामुळे धूर आल्यावर बंद करायच्या केबिन बसच्या स्विचने ती बंद होत नव्हती. आणि तिथले ब्रेकर सगळ्या प्रकारचे आर्क पकडू शकणारे नव्हते. तेव्हा "वीज कोणत्या बसवरून, ती कोणत्या स्विचने तुटते?" या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर देऊन सुटका होत नाही.

चाचण्यांचा क्रमही चुकतो. आधी सर्टिफिकेशन प्लॅन (नियम पाळल्याचं कसं दाखवणार याचा आराखडा) मान्य, मग नमुना ड्रॉइंगप्रमाणेच आहे याची कन्फॉर्मिटी तपासणी, मग चाचणी. घाईत आधी चाचणी उरकून घेणाऱ्यांना ती पुन्हा करावी लागते. ड्रॉइंगची आवृत्ती मध्येच बदलली असेल तर फरक लेखी मांडा; गप्प राहिलात तर तो तपासणीत निघतोच.

मुदती दोन, आणि दोन्ही चुकीच्या वाचल्या जातात. टीएसओ अर्जात त्रुटी निघाली तर पूर्ततेला ३० दिवस, तेही एफएएने मागणी केल्यापासून. तुम्ही ईमेल उघडलात त्या दिवसापासून नव्हे. चुकलात की अर्ज नामंजूर. एसटीसीचा अर्ज मोठ्या प्रवासी विमानांसाठी ५ वर्षं चालतो, इतरांसाठी ३. ही वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, प्लॅन मान्य झाल्यापासून नाही. मुदत टळली तर नवा अर्ज किंवा मुदतवाढ. दोन्हींत नियमांची तारीख पुढे सरकते, आणि मधल्या काळात बदललेले नियम तुमच्या गळ्यात पडतात.

वायरिंगच्या देखभालीच्या सूचना शेवटच्या आठवड्यात आठवतात. त्या सूचनांत बदल लागणार नसेल तर "लागणार नाही" हेही कारणासह लिहून द्यावं लागतं. कोरं पान म्हणजे उत्तर नव्हे.

आता दुसऱ्याच्या एसटीसीवर काम करणाऱ्यांसाठी. एसटीसीची प्रत हाती आहे म्हणजे हक्क मिळाला असं नाही. ज्याच्या नावावर एसटीसी आहे त्याचं लेखी परवानगीपत्र लागतं, नाहीतर मालकाला तो बदल विमानात करताच येत नाही. किट विकत घेताना हे पत्र मागून घ्या आणि आपल्या विमानाचा अनुक्रमांक त्यात बरोबर आहे ना ते तिथेच तपासा. काही वर्षांनी विमान विकायला काढाल तेव्हा ते पत्र मिळवायला एसटीसीधारक जागेवर असेलच असं नाही.