मोठी क्रिप्टो रक्कम बँक खात्यात आणताना: पात्रता, कागदपत्रे आणि कामाचा क्रम

क्रिप्टो विकून पैसे बँकेत घ्यायचे आहेत, तर अर्ज नेमका कोठे करायचा, असे विचारत अनेक जण टिळक रस्त्यावरील आमच्या करसल्ला कार्यालयाचा जिना चढतात. असा अर्ज अस्तित्वातच नाही, हे ऐकून त्यांना बहुधा आश्चर्य वाटते. गुलटेकडीच्या आयकर सदनात किंवा स्वारगेटच्या पीएमटी इमारतीतील आयकर कार्यालयात जाऊन कोणाची पूर्वपरवानगी काढावी लागत नाही आणि तशी ती मिळतही नाही. मात्र एक्स्चेंज (क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारे ऑनलाइन व्यासपीठ), बँक आणि आयकर विवरणपत्र या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली जाते: हे नाणे आपल्याकडे कधी, कितीला आणि कोणत्या खात्यातील पैशांतून आले? या प्रश्नाचे कागदी उत्तर तयार असेल तर उरलेले काम चार-आठ दिवसांचे असते, आणि ते तयार नसेल तर विक्रीची घाई न करणेच बरे.

क्रिप्टो विकणे हा गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले आणि त्याचा आधार यापुढे घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेनेच ३१ मे २०२१ रोजी बँकांना कळवले. त्याच पत्रात ग्राहकाची ओळख आणि पैशांचा उगम तपासण्याचे बँकांचे कर्तव्य कायम ठेवले आहे. त्यामुळे शाखेतून फोन आला तर त्याला छळ समजू नये. क्रिप्टो हे चलन म्हणून मात्र मान्य नाही. कायद्याच्या भाषेत ती ‘आभासी डिजिटल मालमत्ता’, म्हणजे व्हीडीए आहे.

येथे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘क्रिप्टो कॅश करणे’ या शब्दाचाही खुलासा केला पाहिजे. या लेखात त्याचा अर्थ बँक खात्यात रुपये येणे एवढाच आहे. नाणी मोबाइलवरून पाठवायची आणि नोटांची पिशवी घ्यायची, असा प्रस्ताव कोणी कॉफीच्या टेबलावर मांडला तर तेथून उठावे. आयकर कायद्याच्या कलम २६९ एसटीनुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही, आणि स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. नोटा खोट्या निघणे किंवा वाटेत हिसकावल्या जाणे हे धोके त्याखेरीजचे आहेत.

कोणाला हे करता येते

वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या, पॅन व आधार जोडलेले असलेल्या आणि स्वतःच्या नावावर बँक खाते असलेल्या कोणत्याही भारतीय रहिवाशाला नोंदणीकृत एक्स्चेंजवर विक्री करता येते. एक्स्चेंजवरील नाव, पॅनवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव जुळले पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिलांचे आणि वडिलांचे नाव कधी पूर्ण तर कधी आद्याक्षराने लिहिणाऱ्या आपल्या मंडळींचे काम नेमके येथे अडते, म्हणून ही दुरुस्ती विक्रीच्या आधी करून घ्यावी. नाणी पत्नीच्या नावावर आणि पैसे पतीच्या खात्यात, असे चालत नाही. वारसाहक्काने आलेल्या नाण्यांसाठी मृत्यूचा दाखला आणि वारसासंबंधीची कागदपत्रे लागतात. तेथे दिवसांचा नव्हे, महिन्यांचा हिशेब धरावा.

‘नोंदणीकृत’ म्हणजे केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदलेले एक्स्चेंज. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या. नोंदणी ही सुरक्षिततेची हमी मात्र नव्हे. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. एक्स्चेंजवर पडून असलेल्या नाण्यांना तसे काही नसते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, तेव्हा ज्यांनी विक्री ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून ढकलली होती त्यांची नाणीही तेथेच अडकली. एक्स्चेंज म्हणजे दुकान आहे, लॉकर नव्हे. माल विकण्याच्या दिवशीच तेथे न्यावा.

कागदपत्रांची फाईल

खाते उघडण्यासाठी पॅन, आधार, थेट काढलेला सेल्फी आणि बँक खात्याचा पुरावा एवढे पुरते. खाते तपासण्यासाठी एक्स्चेंज त्यात १ रुपया पाठवते. खरी फाईल निराळी असते. तिच्यात पहिला कागद खरेदीच्या दिवशीच्या बँक स्टेटमेंटचा, म्हणजे ज्या नोंदीने रुपये बाहेर गेले त्या पानाचा. त्यानंतर एक्स्चेंजकडून डाउनलोड केलेला संपूर्ण व्यवहार अहवाल, नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये (नाण्यांची किल्ली सांभाळणाऱ्या ॲपमध्ये किंवा उपकरणात) नेली असल्यास प्रत्येक स्थलांतराचा ट्रान्झॅक्शन हॅश, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, व दोन्ही पत्ते, आणि संबंधित वर्षांची आयकर विवरणपत्रे. मोबदला म्हणून किंवा भेट म्हणून नाणी मिळाली असतील तर त्या दिवशीचे रुपयांतील मूल्य व त्याचा आधारही जोडावा. जवळच्या नातेवाइकाखेरीज इतरांकडून वर्षाला ५० हजार रुपयांहून अधिक मूल्याची भेट आली असेल, तर ती मिळाली त्याच वर्षी करपात्र ठरते.

गेल्या वर्षी सहकारनगरमधील एक निवृत्त अभियंता चकलीच्या जुन्या स्टीलच्या डब्यात हार्डवेअर वॉलेट आणि वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलेले, वॉलेट उघडणारे चोवीस शब्द घेऊन आले. नाणी २०१७ मधली होती, आणि ज्या एक्स्चेंजवर घेतली ते बँकबंदीच्या काळात बंद पडलेले. त्यांनी प्रथम तो कागद माझ्यासमोर उलगडला, आणि मी तो न वाचता घडी घालून परत दिला. ते शब्द म्हणजेच नाणी. ते सल्लागाराला, बँकेला किंवा पोलिसांनाही दाखवायचे नसतात. पुण्याने याचा धडा घेतलेला आहे. दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले गेलेल्या गेनबिटकॉईन या क्रिप्टो गुंतवणुकीतील फसवणुकीच्या प्रकरणात तपासाला साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, आणि आरोप होता तो क्रिप्टो परस्पर वळवल्याचा. अभियंत्यांचे काम अखेर साध्या गोष्टीने झाले: बँकेकडे शुल्क भरून २०१७ चे जुने स्टेटमेंट काढले, ईमेलमधून खरेदीच्या पावत्या शोधल्या आणि दोन्हींतील तारखा ब्लॉकचेनवरील, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीतील, पहिल्या नोंदीशी जुळवल्या.

खरेदी किमतीचा पुरावा सापडलाच नाही, तर किंमत शून्य धरली जाऊन संपूर्ण विक्रीवर कर लागू शकतो. पैशांचा उगमच सांगता आला नाही तर प्रकरण कलम ६९ ए खाली अस्पष्टीकृत उत्पन्नाकडे सरकते आणि दंडही येतो. मागील वर्षांतील विक्री दाखवायची राहून गेली असल्यास अद्ययावत विवरणपत्राची सोय कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत आहे; जादा कर भरावा लागतो, तरी नवी मोठी विक्री करण्यापूर्वी हे मागचे देणे मिटवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर किती

या लेखातील कलम व फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलाची तारीख असल्याने त्यानंतरच्या व्यवहारांसाठी क्रमांक निराळे असतील, हे लक्षात ठेवावे.

कलम ११५ बीबीएचनुसार १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. नाणे किती वर्षे सांभाळले याने फरक पडत नाही. वजा होते ती केवळ खरेदीची किंमत. एक्स्चेंजचे शुल्क, इंटरनेटचे बिल, सल्लागाराची फी यांतले काहीही वजा होत नाही. एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढील वर्षी नेताही येत नाही.

कोथरूडमधील एका नोकरदाराचे उदाहरण घेऊ. वर्षाचे करपात्र वेतन १४ लाख, ९ लाखांना घेतलेली नाणी ऑगस्टमध्ये ४० लाखांना विकली, म्हणजे नफा ३१ लाख. त्यावर कर ९,३०,००० आणि उपकर ३७,२०० मिळून ९,६७,२०० रुपये. कलम १९४ एसप्रमाणे एक्स्चेंजने विक्रीच्या रकमेवर १ टक्का, म्हणजे ४०,००० रुपये टीडीएस कापलेला असल्याने भरायचे राहतात ९,२७,२००. याच गृहस्थांचे दुसऱ्या एका नाण्यात ३ लाख बुडाले असतील तरी या आकड्यात एक रुपयाही कमी होत नाही. वेतन आणि नफा मिळून एकूण उत्पन्न ४५ लाख होते. ते ५० लाखांच्या वर गेले असते तर करावर १० टक्के अधिभार आला असता. म्हणून रक्कम फार मोठी असेल आणि भावाची जोखीम पेलवत असेल, तर निम्मी विक्री मार्चमध्ये व निम्मी एप्रिलमध्ये करून ती दोन आर्थिक वर्षांत विभागणे हा पूर्णपणे कायदेशीर मार्ग आहे.

हा कर जुलैपर्यंत थांबवून चालत नाही. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना अनुक्रमे १५, ४५, ७५ व १०० टक्क्यांपर्यंत भरायचे असतात. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठीपुढील व्यक्तींना यातून सूट आहे. पैसे खात्यात आले त्या दिवशीच कराची रक्कम वेगळ्या मुदतठेवीत टाकावी, कारण नव्या फ्लॅटच्या बुकिंगला संपूर्ण ४० लाख देऊन मग करासाठी कर्ज काढणारे लोक मी पाहिले आहेत.

बिटकॉइन देऊन यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले नाणे) घेणे हेही कायद्याने हस्तांतरच आहे. रुपये हातात आले नाहीत तरी त्या क्षणी कर लागू होतो. स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्यात नाणी नेणे ही मात्र विक्री नव्हे.

विक्रीचा दिवस

ज्या खात्यातून गृहकर्जाचा हप्ता जातो किंवा पगार येतो ते खाते या कामाला वापरू नये. वेगळे बचत खाते उघडावे. अपेक्षित रक्कम, एक्स्चेंजचे नाव आणि फाईलमधील मुख्य कागदांच्या प्रती जोडून शाखा व्यवस्थापकांना साधे पत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. बँक त्याला उत्तर देईलच असे नाही, पण पुढे शंका निघाली तर तारीखवार पोच फार उपयोगी पडते.

नाणी एक्स्चेंजवर पाठवताना आधी अगदी थोडी रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करावी. नेटवर्क, म्हणजे नाणे ज्या ब्लॉकचेनवरून जाते ती, जुळणे आवश्यक आहे. एक्स्चेंज एका नेटवर्कचा पत्ता देत असताना दुसऱ्यावरून पाठवलेली रक्कम बहुधा परत मिळत नाही. पत्ता कॉपी केल्यावर पहिली व शेवटची सहा अक्षरे डोळ्यांनी ताडून पाहावीत, कारण चिकटवताना पत्ता बदलणारे व्हायरस आहेत. विक्री एकाच बाजारभावाच्या ऑर्डरने केल्यास, खरेदीदार कमी असताना भाव आपल्याच ऑर्डरने खाली जातो. म्हणून भाव ठरवून लिमिट ऑर्डर लावावी आणि माल तुकड्यांत विकावा. एक्स्चेंजची दैनिक पैसे काढण्याची मर्यादा आधी पाहून ठेवावी.

अनोळखी व्यक्तीला थेट यूएसडीटी विकण्याचा पी-टू-पी मार्ग मोठ्या रकमेसाठी मी कोणालाच सुचवत नाही. बाजारभावापेक्षा दोन-तीन रुपये जास्त मिळतात खरे, परंतु समोरून येणारा पैसा एखाद्या फसवणुकीतील असेल तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंदलेल्या तक्रारीचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो. आमच्या एका अशिलाच्या खात्यात आलेले १८ हजार रुपये परराज्यातील तक्रारीत निघाले आणि त्यापायी संपूर्ण खाते गोठले. मुलीची महाविद्यालयाची फी त्याच खात्यात होती.

असे झाल्यास बँकेकडून तक्रारीचा पोच क्रमांक, संबंधित पोलीस ठाणे आणि वादातील रक्कम लेखी मागावी. तपास अधिकाऱ्याला व्यवहाराचा अहवाल, चॅटच्या प्रती आणि आपली ओळखपत्रे ईमेलने व नोंदणीकृत टपालाने पाठवावीत आणि रोखायची झाल्यास वादातील रक्कमच रोखावी, अशी विनंती करावी. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गोठवणूक तेवढ्याच रकमेपुरती ठेवण्यास सांगितले होते. पुण्यातील सायबर पोलिसांकडे गेल्यास मार्गदर्शन मिळू शकते, पण खाते मोकळे करण्याचे पत्र ज्यांनी ते गोठवले त्यांच्याकडूनच यावे लागते.

विवरणपत्र भरताना

वेतनदाराने आयटीआर-२ आणि क्रिप्टो व्यापार हाच व्यवसाय असलेल्याने आयटीआर-३ निवडावा. आयटीआर-१ चालत नाही. निवडलेल्या फॉर्ममधील ‘शेड्यूल व्हीडीए’मध्ये प्रत्येक विक्रीची खरेदी तारीख, विक्री तारीख, किंमत आणि मिळालेली रक्कम वेगवेगळी लिहायची असते. भरण्यापूर्वी फॉर्म २६ एएस आणि वार्षिक माहिती पत्रकातील टीडीएसचा आकडा एक्स्चेंजच्या अहवालाशी ताडून पाहावा. नाणी परदेशी एक्स्चेंजवर असतील तर परदेशी मालमत्तेच्या ‘शेड्यूल एफए’मध्येही ती दाखवावीत. विवरणपत्राची पोच, कर भरल्याचे चलन, बँकेला दिलेल्या पत्राची प्रत आणि खरेदीचे ते पहिले स्टेटमेंट असे सर्व एकाच फाईलमध्ये राहू द्यावे, आणि एक्स्चेंजवरील खाते बंद करण्यापूर्वी संपूर्ण व्यवहार अहवाल पुन्हा एकदा डाउनलोड करून घ्यावा. खाते बंद झाल्यावर तो मिळवणे फार जिकिरीचे असते.