१०० वरून ४०० मीटरवर यायला ३६ वर्षं

आजच्या ऑलिंपिकचं किंवा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचं वेळापत्रक पाहिलं, तर १००, २००, ४०० मीटर, अडथळ्यांच्या शर्यती, दोन्ही रिले असं सगळं महिलांसाठीही असतं. हे एकदम मिळालेलं नाही. एकेका अंतरासाठी वेगळं भांडावं लागलं आणि दर वेळी प्रश्न तोच होता: बायकांच्या शरीराला हे झेपेल का? ठरवणारे मात्र बहुतेक पुरुष होते.

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एकही महिला नव्हती. पुढे टेनिस, पोहणं अशा खेळांत त्यांना प्रवेश मिळाला, पण ट्रॅक बंदच राहिला. फ्रान्सच्या आलिस मिलिया यांनी १९१९ मध्ये महिलांच्या अ‍ॅथलेटिक्सची मागणी केली, ती फेटाळली गेली. त्या थांबल्या नाहीत. १९२१ मध्ये त्यांनी महिलांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय महासंघ उभा केला आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला एका दिवसाची स्पर्धा भरवली. ११ प्रकार आणि सुमारे २० हजार प्रेक्षक! स्पर्धेच्या नावात त्यांनी ‘ऑलिंपिक’ हा शब्द बेधडक वापरला होता. तो ऑलिंपिक समितीला झोंबला. अखेर तडजोड झाली: मिलिया यांनी ते नाव सोडायचं, त्या बदल्यात १९२८ ला ॲम्स्टरडॅममध्ये महिलांचे काही प्रकार घेऊन पाहायचे. प्रत्यक्षात पाचच मिळाले. निषेध म्हणून ब्रिटनच्या महिला अ‍ॅथलीट तिकडे गेल्याच नाहीत, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

त्या पाचांत १०० मीटर ही एकच वैयक्तिक वेगवान शर्यत होती. अंतिम फेरीत दोघी फाउल स्टार्टमुळे बाद झाल्या. अमेरिकेची १६ वर्षांची बेटी रॉबिन्सन १२.२ सेकंदांत जिंकली. शर्यतीत उतरायला लागून तिला जेमतेम काही महिने झाले होते.

पण महिलांच्या धावण्याचं पुढचं भवितव्य ठरलं ते त्याच स्पर्धेतल्या ८०० मीटरने. जपानची हितोमी किनुए मुळात वेगवान धावपटू. १०० मीटरमध्ये उपांत्य फेरीत बाद झाल्यावर ती ८०० मध्ये उतरली आणि दुसरी आली. जर्मनीची लीना राडके विश्वविक्रमासह पहिली आली. शर्यतीनंतर काही जणी थकून ट्रॅकवर बसल्या, आडव्या झाल्या. ८०० मीटर जीव तोडून धावल्यावर पुरुषही तसेच पडतात. वर्तमानपत्रांनी मात्र बायका कोसळल्या, शर्यत अर्धवट सोडली अशी वर्णनं छापली. अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली होती. तरीही २०० मीटरपेक्षा लांब शर्यती महिलांना बंद झाल्या, त्या थेट १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत. खोट्या बातमीची एवढी मोठी किंमत खेळात क्वचितच कुणी मोजली असेल. कारण यात ८०० बरोबर ४०० मीटरही अडकली.

२०० मीटरला तर बंदीही नव्हती, तरी ती ऑलिंपिकमध्ये यायला १९४८ उजाडलं. लंडनमधली ती पहिली २०० मीटर नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कून यांनी ०.७ सेकंदांच्या फरकाने जिंकली. वय ३०, दोन मुलांची आई, आणि ‘आता हिचं वय झालं’ हे ऐकून घेतलेलं. त्यांनी १०० मीटर, ८० मीटर अडथळे आणि रिले मिळून चार सुवर्णपदकं नेली.

४०० मीटर आली १९६४ ला, टोकियोत. ती ऑस्ट्रेलियाच्या बेटी कथबर्ट यांनी जिंकली. आठ वर्षांपूर्वी मेलबर्नला १०० आणि २०० त्यांनीच जिंकल्या होत्या. चार बाय चारशे रिले १९७२ मध्ये आली आणि ४०० मीटर अडथळे १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये. पुरुषांची ही शर्यत १९०० पासूनची. महिलांच्या त्या पहिल्याच अंतिम फेरीत मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किल जिंकल्या, आणि पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत चौथ्या आल्या. कांस्यपदक ५५.४१ ला गेलं. तो शतांश सेकंद आपल्याला पाठ आहे. पण त्या शर्यतीचं दार त्याच वर्षी उघडलं होतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

अंतरं मिळाली, तोवर दुसरा वाद उभा राहिला होता: महिला गटात धावायचं कुणी? १९६६ मध्ये युरोपीय स्पर्धेत खेळाडूंची शारीरिक तपासणी झाली, मग गुणसूत्रांच्या चाचण्या आल्या. १९६७ मध्ये पोलंडच्या एवा क्वोबुकोव्स्का त्यात अडकल्या आणि त्यांचे विक्रम रद्द झाले. सरसकट चाचण्या १९९० च्या दशकात बंद झाल्या, तरी टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या (ते पुरुषांत जास्त असतं) पातळीवरून नियम पुन्हा आले. २०१४ मध्ये भारताच्या धावपटू द्युती चंद यांना त्यामुळे राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. त्यांनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली, २०१५ मध्ये नियमाला स्थगिती मिळवली आणि रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावल्या.

२०१८ मध्ये नियम परतले ते ४०० मीटर ते एक मैल एवढ्यापुरते. म्हणून नामिबियाच्या क्रिस्टीन एम्बोमा यांना टोकियो ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर सोडावी लागली. त्या २०० मीटर धावल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. मार्च २०२३ मध्ये हे निर्बंध सगळ्या अंतरांना लागू झाले. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीसाठी धरल्या जाणाऱ्या स्पर्धांत महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येकीला एकदा जनुकीय चाचणी बंधनकारक आहे. त्यातून १०० मीटरही सुटलेली नाही.